शीतगृहाचे चार तारणहार

आइस्क्रीमच्या शीतगृहातल्या सुपरवायझरला सगळे मिटवाकाका म्हणत. भांडण कुणाचंही असो, काका एकेकाला बाजूला घेत, खांद्यावर हात टाकत आणि ‘जाऊ दे, मिटवून टाकू’ म्हणत. भांडण खरंच मिटे. आयुष्यात त्यांनी एवढा एकच हुन्नर कमावला होता, आणि नोकरीच्या अर्जात तो कुठे लिहायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं.

अर्जाची पाळी आली, कारण शीतगृह विकलं गेलं. नव्या मालकांना जुन्यांतला एकच माणूस हवा होता, तोही मुलाखत घेऊन. म्हणजे जिच्यावर बसून काकांच्या पँटी झिजल्या, त्याच खुर्चीला आपण लायक कसे, हे आता परक्यांना पटवायचं. नाही जमलं, तर मेहुण्याचं मोबाइल कव्हरांचं दुकान होतंच. मेहुण्याने काउंटरमागे त्यांच्यासाठी एक स्टूलही आणून ठेवलं होतं. त्या स्टुलाची नुसती आठवण झाली, की काका अर्जाचा कागद पुन्हा पुढे ओढत.

तयारीही मेहुण्यानेच करून घेतली. त्याने जन्मात मुलाखत दिली नव्हती, पण तिच्यावरचे व्हिडिओ चिक्कार पाहिले होते. हल्ली म्हणे तुम्हाला काय येतं ते विचारत नाहीत, आजवर काय केलंत ते विचारतात. ‘एखादा कठीण प्रसंग सांगा’ म्हणाले, की आधी परिस्थिती, मग जबाबदारी, मग कृती आणि शेवटी निकाल, असं पंगतीसारखं क्रमाने वाढायचं.

“आणि भाऊजी, ‘आम्ही’ म्हणायचं नाही. ‘मी’ म्हणायचं.”

“अरे, पण केलं सगळ्यांनी मिळून.”

“मग नोकरीही सगळ्यांनी मिळून करा.”

बायकोने भावाकडे कौतुकाने पाहिलं. नवऱ्याकडे तसं कधी पाहिल्याचं तिलाही आठवत नसावं.

पंचाईत अशी, की शीतगृहात कठीण प्रसंग एकदाच घडला होता. भर उन्हाळ्यात वीज गेली, जनरेटर रुसला, आणि सुपरवायझर त्या वेळी दंतवैद्याच्या खुर्चीत आ वासून पडले होते. ते परतले तेव्हा माल वाचला होता आणि तो कुणामुळे, यावरून कामावरचे चौघे एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. एकाने जनरेटर मनवला होता, दुसऱ्याने दाराला पाठ लावून ते उघडू दिलं नव्हतं, तिसऱ्याने खोक्यांवर ब्लँकेटं घातली होती आणि चौथ्याने कुठून तरी बर्फ पैदा केला होता. काकांनी एकेकाला बाजूला घेतलं आणि सुजल्या गालाने कानात सांगितलं, ‘तू होतास म्हणून वाचलो. बाकीच्यांजवळ बोलू नकोस, मनाला लावून घेतील.’ मिटलं.

मुलाखतीला ते चौघेही हजर होते. काकांचा नंबर शेवटचा लागला. आत टेबलामागे बसलेल्या बाईंनी कठीण प्रसंग सांगायला सांगितलं. काका ‘भर उन्हाळ्यात’ एवढंच म्हणाले, तोच बाईंनी हात वर केला.

“वीज गेली, जनरेटर रुसला. चार वेळा ऐकलं. चौघांनीही एकट्याने माल वाचवला. तुम्ही पाचवे का?”

काकांची परिस्थितीच संपली; जबाबदारी, कृती आणि निकाल वाढायचे राहूनच गेले. डोळ्यांसमोर स्टूल आलं.

“नाही. मी दाढ काढून घेत होतो.”

“मग त्या चौघांतलं खोटं कोण बोलतंय?”

“कुणीच नाही. प्रत्येकाला तसं मीच सांगितलंय.”

आणि मग त्यांनी सगळं सांगून टाकलं, दाढेसकट. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. काका निघाले तशा दारापर्यंत सोडायला आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “तुमच्यासारखा माणूस मिळायला नशीब लागतं. बाहेर मात्र बोलू नका. बाकीच्यांना वाईट वाटेल.”

काका तरंगतच जिना उतरले. मेहुण्याला काय काय ऐकवायचं, त्याची वाक्यं जुळवणं चालू होतं. खाली फाटकापाशी चौघे अजून उभे होते. कुणीच बोलत नव्हतं. चौघांच्याही चेहऱ्यावर एकच मंद हसू होतं, स्वतःचं काम झालेल्या माणसाला इतरांची कीव येते तेव्हाचं. काकांना ते लगेच ओळखू आलं. वर्षानुवर्षं ते स्वतःच्या हाताने वाटत आले होते तेच.

त्यांनी आपलं हसू पुसलं, फोन काढला आणि मेहुण्याला लावला.

“ते स्टूल जरा उंच आहे रे,” ते म्हणाले. “पाठ टेकायला खुर्ची बघशील का?”