इनुसभाई बसून वाजवतात

यवतच्या इनुस तांबोळींनी तीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलं, आणि तीसही वर्षं चालत वाजवलं. मागं नवरदेवाचा घोडा, पुढं नाचणारी पोरं, मधे लाल कोटातली बँडपार्टी. एक गाणं निम्म्यावर येतंय न येतंय तोच कुणीतरी ओरडायचं, "दुसरं घ्या, दुसरं!" पुढं वरातींना डीजेचे टेम्पो आले आणि पार्टी मोडली. इनुसभाई हायवेवरच्या ढाब्यावर कांदा-कोथिंबीर चिरायला लागले. त्यातच वरचे पुढचे दोन दात गेले. क्लॅरिनेटचं तोंड वरच्या दातांवरच टेकवतात; त्यामुळं बायको तहमीनानं ते कापडात गुंडाळून पेटीत ठेवून दिलं.

२००५ च्या मे महिन्यात खुटबावला संपत कोकरेच्या आमराईत गाण्याचा आणि चित्रांचा मेळा असल्याचं त्यांच्या कानावर आलं. संपत कारेगावच्या एका कारखान्यात कामाला होता. तो आणि त्याचे चार मित्र सुट्ट्या टाकून तीन दिवस हा मेळा भरवत. पुढारी नाही, हारतुरे नाहीत. झाडांना दोऱ्या बांधून चित्रं टांगलेली, खाली सतरंज्या. इनुसभाई सहज म्हणून गेले. पुण्याहून आलेली एक बाई पाऊण तास एकच राग गात होती आणि माणसं गप बसून ऐकत होती. कुणी "दुसरं घ्या" म्हणालं नाही. इनुसभाई बघतच राहिले.

घरी येऊन त्यांनी पेटी उघडली.

दात नाहीत तर वरचा ओठ आत दुमडून धरायचा, असं त्यांनी ठरवलं. ढाब्यामागं, दुपारच्या रिकाम्या वेळात रियाज सुरू झाला, तोही जुन्या सवयीनं येरझाऱ्या घालत. पहिले दोन महिने नुसती हवा यायची. ओठ सुजायचा, गरम चहा पिता यायचा नाही.

"या वयात कुणासाठी चाललंय हे?" तहमीना वैतागायची.

"कुणासाठी न्हाई. एकदा बसून, पुरं वाजवायचंय."

पुढच्या मे महिन्यात, मेळ्याच्या पहिल्याच दिवशी त्यांनी संपतला गाठलं. "संपतराव, मला एक गाणं वाजवू द्या."

संपतची नजर त्यांच्या तोंडावर गेली. "मामा, यादी भरलीय. आन् तुमचं दात..."

"दातांचं माझं मी बघतो. रविवारी दुपारी एकला कोण हाय?"

"एकला कोण बसतंय उन्हात? तवा जेवणाची सुट्टी असती."

"मग ती येळ माझी."

रविवारी एक वाजता समोर वीसेक माणसं होती, त्यातली निम्मी जेवत होती. इनुसभाई हात असलेल्या खुर्चीवर बसले आणि त्यांच्या ध्यानात आलं, बसून आपला श्वासच जमत नाही. पाय आपोआप उचलला जात होता. पहिलाच सूर फाटला. मागं कुणीतरी हसलं. त्यांनी वाद्य खाली घेतलं, तोंडाशी बसवलेली वेताची पत्ती पुसली, दोन्ही तळपाय जमिनीवर दाबून धरले आणि परत पहिल्यापासून सुरू केलं.

वडिलांनी शिकवलेली पाठवणीची धून होती ती. नवरी जीपमध्ये बसायची, दार लागायचं, आणि बँड थांबायचा. त्यामुळं धुनीचा दुसरा भाग कुणी ऐकलेलाच नव्हता. इनुसभाई त्या भागात शिरले. सूर वर चढताना ओठ फुटला, जिभेला रक्ताची चव आली. ते थांबले नाहीत. भाकऱ्या वाढणारी संपतची आई, कुशाबाई, दुरडी खाली ठेवून सतरंजीवर बसली. जेवणाऱ्यांचे हात थांबले. धून शेवटच्या सुरापर्यंत गेली आणि मगच संपली.

टाळ्या विरल्यावर कुशाबाई जवळ आली. "माझ्या लेकीच्या पाठवणीला तुमीच ही वाजवली व्हती. मला वाटलं, ती तेवढीच हाय."

"तेवढीच न्हाई, आक्का. जीप निघायची."

कुशाबाईनं डोळ्यांना पदर लावला आणि त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

तहमीनानं सांगितल्याप्रमाणं त्यांनी लगेच घरी जायला हवं होतं. पण ते तोंड धुऊन पुढच्या रांगेत जाऊन बसले. संध्याकाळी कारेगावचे बिहारी कामगार ढोलकीवर गाणार होते, आणि इनुसभाईंना एक कडवंही चुकवायचं नव्हतं. पुढच्या वर्षी संपतनं त्यांना शनिवारी सकाळची वेळ दिली. नंतरची दोन वर्षं ओठानं साथ दिली नाही, तरी मेळा त्यांनी चुकवला नाही. नुसतं ऐकायला यायचे, आणि निघताना संपतला बजावायचे, "वाजवणाऱ्याला हाताची खुर्ची देत जाऊ नका. कोपरं आडतात."