डावा कान

हे माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही, आईला तर नाहीच. तुमच्याजवळ बोलते आहे, पण मधेच थांबले तर घाई करू नका — जीभ अजून वळत नाही.

आम्ही वलगावचे. बाबांचा लाउडस्पीकरचा धंदा. लग्न असो, भजन असो, भोंगे बाबांचेच. माणूसही तसाच, हळू बोलणं त्यांना माहीतच नव्हतं. मी वायुदलात पायलट होणार म्हटल्यावर त्यांनी अख्ख्या गावाला ऐकवलं. मग काय, सगळं घरच भरतीला लागलं! तळण बंद, टीव्ही बंद. पहाटे मी धावायची आणि मागून बाबा लुनावर — "पाय उचल, माय! विमान काय तुह्यासाठी थांबून राहणार हाये?" अमरावतीच्या अकॅडमीतले सर सांगायचे, पाठ ताठ ठेवा, वेळेवर झोपा. बाबा ते आईलाही लागू करायचे. आई वैतागायची, "मी काय लढाईले जाऊन राहिली?" आम्ही हसायचो. खूप हसायचो तेव्हा.

आता एक जुनी गोष्ट मधेच सांगावी लागेल. तिसरीत असताना आभाळात विमान दिसलं म्हणून मी मंडपाच्या लोखंडी खांबावर चढले होते. खांबाला वायर गुंडाळलेली, करंट चालू. बाबांनी मला खाली ओढलं आणि भेदरून एक थापड ठेवून दिली. डाव्या कानावर. दोन दिवस कान वाजला, मग बरा झाला. मी विसरूनही गेले. खरंच विसरले होते का? मग ऐनवेळी तेच कसं आठवलं?

कॉलेज संपल्यावर निवड केंद्रावरून बोलावणं आलं. तिथे पायलट व्हायचं असेल त्याला एका यंत्रावर बसवतात — हात, पाय, डोळे, कान, सगळं एकदम चालवायचं. ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात की ते दार कायमचं बंद. माझे हात चालले की पाय थांबायचे. नापास झाले. कुणाचाच दोष नव्हता त्यात. ते माझ्याच्यानं होणारं काम नव्हतं, एवढंच.

बडनेरा स्टेशनवर बाबा घ्यायला आले होते. पिशवीत हार लपवलेला, पण गोंडा बाहेर लोंबत होता. मी — कसं सांगू — मी त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "मेडिकलमध्ये काढलं. डावा कान खराब आहे. लहानपणीचा मार आहे म्हणाले."

खोटं. साफ खोटं. मेडिकलपर्यंत मी पोचलेच नव्हते. कावून बोलले असं? गाव मला नापास म्हणेल, ते मला सोसणार नव्हतं. बस, एवढ्यासाठी.

बाबांनी लोंबता गोंडा आत सारला. हार पिशवीतच राहिला. पुढे कितीतरी दिवस मागे लागले, अकोल्याला कानाच्या डॉक्टरकडे चल म्हणून. मी भांडले, ताटावरून उठले, "आता काय उपयोग?" म्हणून ओरडले. डॉक्टरनं मिनिटात सांगितलं असतं ना, कान ठणठणीत आहे म्हणून!

मग त्यांनी विषय सोडला. पण माझ्याशी बोलायचं झालं की उठून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसायचे. आवाज उतरला त्यांचा. आई म्हणायची, तुह्या बाबाचा भोंगा बसला. पुढे माझं लग्न झालं, मुलगा झाला; तो त्यांच्या अंगावर नाचायचा, मिशा ओढायचा, तरी हे हात पाठीमागे बांधून बसायचे. मला कळत होतं. सगळं कळत होतं. आणि मी भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढंच विचारायची.

गेल्या वर्षी अकोल्याच्या दवाखान्यात त्यांचे शेवटचे दिवस चालले होते. मी खाटेशी बसले होते. त्यांनी बोटानं खूण केली — तिकडून ये. मी फिरून गेले आणि उजवा कान त्यांच्या तोंडाशी नेला. हो, उजवाच नेला.

"माह्या एका थापडीनं तुहं विमान पाडलं, माय."

खोलीत आणखी कुणी नव्हतं. आई खाली चहाला गेली होती. एक वाक्य पुरलं असतं, आणि ते ऐकायला बाबा अजून जागे होते.

मी म्हणाले, "जाऊ द्या ना बाबा. मी केव्हाच माफ केलं."

त्यांनी सलाइनच्या नळीसकट दोन्ही हात जोडले. मी ते जोडू दिले.