तीन खेळाडू आणि माझी वही

पिंपरीच्या माळावर आमचा पंपांचा कारखाना नुकता उभा राहिला होता. मी स्टोअरमध्ये कारकून होतो, वय बावीस. कारखान्याची फुटबॉलची टीम होती आणि ती नेमाने हरायची. एकदा खडकीच्या एका टीमने आमच्यावर नऊ गोल चढवले, तेव्हा लेबर ऑफिसर साहेबांनी वरून परवानगी आणली. पुण्याच्या कॉलेजांतली तीन चांगली पोरं निवडायची आणि त्यांना कारखान्यातच नोकरी द्यायची.

साहेब कोणाला उचलणार, यावर कँटीनमध्ये दुसरा विषय उरला नाही. मी तर त्यासाठी वहीच केली. दर रविवारी सायकल काढून दापोडीच्या पुलावरून पुण्याला जायचो, कॉलेजांच्या मॅचेस बघायचो आणि कोण डाव्या पायाने मारतो, कोण धाप लागली की कमरेवर हात ठेवतो, सगळं टिपून ठेवायचो. महिनाभरात मी स्वतःला या विषयातला जाणकार समजू लागलो आणि तसं लोकांना सांगूही लागलो.

मला न जुमानणारा माणूस एकच. फाउंड्रीत साचे करणारे चाचा. ते मूळचे खडकीचे, लहानपणापासून पलटणींचा फुटबॉल बघत आलेले. एक-दोन रविवार तेही माझ्याबरोबर आले, पण मॅच सुरू झाली की हे चहाच्या टपरीवर. मॅच संपल्यावर पोरं चहाला आली की त्यांच्याशी गप्पा मारत बसायचे.

"चाचा, खेळ तर बघा," मी म्हणालो.

"तू बघतोयस ना, बस झालं."

आमची पैज ठरली. ज्याची नावं कमी जुळतील त्याने अख्ख्या मोसमात मैदानावर चुन्याच्या रेघा मारायच्या. दोघांनी आपापल्या चिठ्ठ्या कँटीनवाल्याकडे दिल्या. माझ्या चिठ्ठीत पहिलं नाव होतं कसब्यातल्या एका सेंटर फॉरवर्डचं. बारीक, काटकुळा, पण बॉल त्याच्या पायाला चिकटून चालायचा. माझी इतकी खात्री होती की मी त्याला घरी गाठून सांगितलं, "तुझं नक्की समज." त्याच्या आईने माझ्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला. मी तो खाल्ला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत बोर्डावर यादी लागली. एक गोलकीपर, एक थुलथुलीत फुलबॅक आणि एक विंगर, जो मी वहीत 'सामान्य' म्हणून खोडला होता. माझं एकही नाव नव्हतं. चाचांची तिन्ही जुळली.

"हे कसं काय?" मी विचारलं.

चाचा भाकरी मोडत म्हणाले, "बाबा, फुटबॉल पाच वाजल्यानंतर. सकाळी आठपासून पाचपर्यंत ही पोरं काय करणार? बोर्डावर तीन रिकाम्या जागा लागल्यात, दोन महिने झाले. एक टायपिस्ट, एक नकाशे काढणारा, एक लॉरीचा ड्रायव्हर. मी पोरांना एवढंच विचारलं, तुला काय काय येतं."

तो बोर्ड माझ्या स्टोअरच्या दाराशेजारी होता.

रेघा मारण्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते त्या लाडवाचं. दोन दिवस टाळून शेवटी मी कसब्यात गेलो. पोरगा ओट्यावर बसून बुटाला ठिगळ लावत होता. मी सगळं सांगितलं.

"टायपिंग येतं का तुला?"

"नाही."

"काही चालवता येतं?"

"सायकल."

त्याने बूट खाली ठेवला आणि म्हणाला, "आईला तुम्हीच सांगा." मी आत जाऊन सांगितलं. ती माउली रागावली नाही, नुसतं "बरं" म्हणाली, आणि ते रागावण्यापेक्षा जड गेलं.

दुसऱ्या दिवशी मी चाचांपुढे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, खेळणाऱ्याला खेळाशिवाय काहीच येत नसेल तर त्याने करायचं काय? चाचांनी हातातली वाळू झटकली. "त्याला रविवारी माझ्याकडे घेऊन ये." त्यांचा मेहुणा खडकीच्या एका वर्कशॉपात मुकादम होता. तिथे हरकाम्याची जागा निघाली आणि पोरगा पंधरवड्यात कामाला लागला. वर्कशॉपची टीमही होतीच.

मोसमाच्या मध्यावर तीच टीम आमच्या मैदानावर आली. मी सकाळी मारलेल्या रेघांवरून त्या काटकुळ्या पोराने आमच्या तिन्ही नव्या खेळाडूंना नाचवलं आणि तीन गोल केले. तिसऱ्याला मी टाळ्या वाजवल्या. शेजारचा टर्नर म्हणाला, "राव, तू कुणाकडनं हाईस?"

साहेब वळून विचारू लागले, "हा कुठून आला? आपण याला का नाही घेतलं?"

"साहेब, त्याला टायपिंग येत नाही," चाचा अदबीने म्हणाले.

मॅच संपल्यावर पोरगा आमच्याकडे आला. आईने दोघांना जेवायला बोलावलंय म्हणाला. पुढच्या रविवारी गेलो. पुरणपोळी होती. चाचांनी चार खाल्ल्या, मी संकोचाने दोन घेतल्या, तेव्हा तिने तिसरी न विचारता वाढली. परत येताना चाचा माझ्या सायकलवर मागे बसले होते. पुढच्या वर्षी साहेब कोणाला घेणार, यावर आम्ही पिंपरीपर्यंत हुज्जत घातली. या वेळी मी रिकाम्या जागा बघून बोलत होतो आणि ते खेळ बघून.

पुढच्या वर्षी कंपनीने एकही खेळाडू घेतला नाही. साहेबांची बदली झाली आणि नव्या साहेबांना व्हॉलीबॉल आवडायचा.