मागचं सीट

आधी चहा घ्या, गरम आहे तोवर. आणि हसायचं असेल तर मोकळेपणानं हसा, पण गाडीला हसू नका. तिचा काही दोष नाही. गाढवपणा झाला तो सगळा माझा!

तासगावजवळची आमची बेदाण्याची शेड तुम्ही पाहिली आहे ना? त्या शेडमध्ये दोन वर्षं द्राक्षांपेक्षा जास्त मीच वाळलो. कारण काय, तर पुण्यात एका बंगल्यामागं ताडपत्रीखाली पडलेली एक जुनी जपानी स्पोर्ट्स कार मला दिसली. लाल रंगाची, दोन दारांची, लांब नाकाची. बटण दाबलं की हेडलाइट बॉनेटमधून वर यायचे, पुन्हा दाबलं की आत जायचे. पोरगी बघायला गेलो होतो तेव्हाही मी इतका खुळावलो नव्हतो, बायकोला सांगू नका. गाडी ट्रकवर घालून घरी आणली.

आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, गाडीभोवती एक चक्कर मारली. आबा मिलिटरीत ड्रायव्हर होते. उमेदीची सगळी वर्षं डोंगरात ट्रक चालवण्यात गेली. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

"चालती का?" आबांनी विचारलं.

"अजून न्हाई आबा."

"मग आणलीस कशाला रं?"

मी पाना उचलला.

लागलो कामाला. इंजिन उतरवलं, चढवलं, परत उतरवलं. स्प्रिंगा बदलून गाडी इतकी खाली बसवली की तिच्याखालून मांजरसुद्धा वाकून जाईल. सायलेन्सर बदलला, तो तर खास आवाजासाठी. पुढं रेसिंगची दोन खोल सीटं घातली. आणि गाडी हलकी पाहिजे म्हणून मागचं सीट उपटून बाहेर टाकलं. तसंही ते नावालाच होतं.

आईनं ते सीट उचलून शेडच्या दारात विटांवर मांडलं. आबा रोज त्यावर बसून चहा प्यायचे आणि रोज विचारायचे, "ह्ये परत कवा बसिवणार?"

"आबा, स्पोर्ट्स गाडी हलकी लागती."

"आसंल. पर माणसं कुठं बसायची?"

मला वाटायचं, टोमणा मारतायत. खरं सांगतो, मला दुसरं काही नको होतं हो. आबांनी एकदा म्हणावं की गाडी चांगली झाली, एवढंच. पण ते काही म्हणेनात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून तसे ते कमीच बोलायचे. त्या वेळी त्यांचं घरची जीप चालवणं थांबलं होतं. पुढं डॉक्टर म्हणाले, नजर ठणठणीत आहे, खुशाल चालवा. पण आम्हीच "आता कशाला दगदग" म्हणत राहिलो आणि चावी माझ्याच खिशात राहिली.

एकदाची गाडी सुरू झाली. आई म्हणाली, "ऐतवारी म्हसवडला जायाचं."

सिद्धनाथ आमचं कुलदैवत. घरात चाक असलेलं काहीही आलं की ते आधी नाथाच्या दारात न्यायचं, आणि आई-आबांनी जोडीनं त्यात बसून जायचं. ट्रॅक्टर आणला तेव्हा एका मडगार्डवर आई, दुसऱ्यावर आबा, अशी वरात गेली होती. मला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं! पण हलकं करायच्या नादात डोकंही हलकं झालं असणार.

रविवारी सकाळी चाकांखाली लिंबं ठेवली. चुलतभाऊ दिलीपची पिकअप नैवेद्य घेऊन मागं उभी. मी गॉगल लावून ऐटीत स्टिअरिंगवर बसलो. आईनं दुसरं दार उघडून आत बघितलं. मग फेटा बांधून उभ्या असलेल्या आबांकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"आरं, आमी दोघं. आन् तू तिसरा."

मी मागं वळून बघितलं. नुसता पत्रा.

"आई, तू बस माझ्यासंगं. आबा पिकअपमधनं येतील," मी म्हणालो.

पिकअपमध्ये बसलेली आत्या कडाडली, "नाथाकडं जोडीनं जायाचं असतंय! शाणा हाईस का?"

"मी बसते की डिकीत," आई म्हणाली.

"आबांच्या मांडीवर बसा काकी!" दिलीप ओरडला. आईनं नारळ उगारला.

आबांनी शांतपणे फेटा उतरवला, छताला लागला असता म्हणून, आणि माझ्या हातात दिला. "उतर."

"आबा, क्लच लय कडक हाय..."

"उतर म्हंतो न्हवं?"

उतरलो. आबा स्टिअरिंगवर, आई त्यांच्या शेजारी. पिकअपची पुढची जागा आत्यानं एकटीनं भरली होती. मी मागं हौद्यात, पोळ्यांच्या डब्यांत. मांडीवर फेटा, पायांत आमटीचं पातेलं. गॉगल तेवढा डोळ्यांवर होता.

गावाच्या कमानीपाशी स्पीडब्रेकर आला. मी उभा राहून ओरडलो, "आबा, तिरकी घ्या! तळ घासंल!" आबांनी गाडी अलगद तिरकी काढली. पिकअप मात्र सरळ आदळली आणि आमटी माझ्या नव्या शर्टावर आली.

मायणीच्या पुढं रस्ता मोकळा मिळाला आणि आबांनी गाडी पळवली. काय आवाज होता हो! त्या आवाजासाठी मी दोन वर्षं झटलो, पण बाहेरून कधी ऐकला नव्हता. माळावरून पळताना गाडी कशी दिसते, तेही पाहिलं नव्हतं. आपली गाडी आपण चालवत असलो की आपल्याला दिसत नाही, हे मला आमटीत भिजल्यावर कळलं. आबांचा हात खिडकीवर टेकलेला होता. मी लहान असताना जीपमध्ये असायचा, अगदी तसाच. गॉगल होता म्हणून बरं.

देवळापाशी दोघांनाही त्या खोल सीटांतून उठता येईना. मी आणि दिलीप हात धरून ओढायला लागलो. "आरं, हिरीत पडलेली म्हस हाय व्हय मी!" आई ओरडली. लोक जमले. आबा हेडलाइट वर-खाली करून दाखवत होते.

"कुणाची वं गाडी?" एकानं विचारलं.

"आमचीच. ह्या पोरानं राबून केलीया. लय ब्येस झालीया."

झालं! मिळालं ते वाक्य! आमटीच्या शर्टावर गुलाल उधळून घेतला आणि ओरडलो, "सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं!"

दर्शन झालं. परतीला तरी आपण चालवू, जोडीचा मान तर झाला, म्हणून मी चावीसाठी हात पुढं केला. आबांनी त्यावर प्रसादाचं खोबरं ठेवलं. चावी त्यांच्या खिशातच राहिली.

"त्ये मागचं सीट बसीव की रं आता," आबा मायेनं म्हणाले. "फुडल्या खेपंला तुलाबी नेऊ."

बसवलं. काल बसूनही बघितलं. तसा त्रास काही नाही, गुडघे तेवढे हनुवटीला लागतात.