मालक बदलला तरी

कॅनडात हॅलिफॅक्सला आमच्या शेजारी हाँगकाँगचे एक गृहस्थ एकटेच राहायचे. हाँगकाँग ब्रिटनकडून चीनकडे जायच्या आधी ते तिथे सरकारी नोकरीत होते. सत्ता बदलल्यावरही विमानं चालू राहावीत म्हणून देशोदेशींशी नवे करार करायचे, हे त्यांचं काम. अजूनही प्रत्येक वाक्यानंतर थांबायचे, दुभाष्याला वेळ देत असल्यासारखे.

आमचा ड्राइव्हवे सामायिक. पहिल्याच विंटरला त्यांनी बर्फ शोव्हलने उपसण्याचा दोन पानी करार आणला. एक दिवस त्यांनी, एक दिवस मी. शेवटचं कलम होतं, घराचा मालक बदलला तरी करार चालू राहील. मला हसू आलं.

"डॉक्टर, हे कलम सगळ्यात आधी ठरवायचं असतं," ते म्हणाले. स्वतः हसले नाहीत.

त्यांची पाळी झाली की मी आतून खिडकीवर टकटक करायचो. मग ते चहाला आत यायचे. फारसं बोलणं होत नसे.

गेल्या उन्हाळ्यात ते घर विकून गेले. कुठे, ते मी विचारलं नाही.

यंदा पहिला बर्फ पडला आणि नवा मालक शोव्हल घेऊन हजर. "घराच्या कागदांत होतं," म्हणाला. माझ्या पायरीपर्यंत त्याने चोख साफ केलं. मी सवयीने खिडकीवर टकटक केली. त्याने हात हलवला आणि आपल्या घरात गेला.

चहाचं आम्ही कुठे लिहिलंच नव्हतं.