नोराबाईंची फ्रेंच शमादानं

जुन्या फ्रेंच ब्रॉन्झमधलं मला सगळं कळतं. म्हणजे, उचललं की जड लागतं, इतपत. त्यापुढचं शिकवायच्या आत मी सातवीतून शाळा सोडली!

पोराकडे आयर्लंडात एनिसला मी नि बायको पाहुणे म्हणून आलो आणि लॉकडाउनमध्ये अडकलो. माणसं घरात कोंडली की किस्से साठतात, सिंकमध्ये चहाचे कप साठतात तसे.

नीलेश इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. घर शेजारच्या नोराबाईंचं, सामानासकट भाड्याने. फायरप्लेसवर त्यांची दोन शमादानं, म्हणजे मेणबत्त्या लावायची स्टँडं: दोनशे वर्षांची, फ्रेंच, ब्रॉन्झवर सोन्याचा मुलामा. अट एकच. मऊ ब्रशने धूळ झटका, बाकी हात लावू नका.

"बाबा, त्यांना काही झालं तर हे घर जाईल. या दिवसांत दुसरं मिळायचं नाही," नीलेश म्हणाला.

म्हणजे मला आमंत्रणच की!

*

पनीर दाबायला वजन हवं होतं. ठेवलं शमादान. नीलेश ड्यूटीवरून आला तो ओरडतच, "बाबा! फ्रान्सच्या महालातली वस्तू आहे ती!"

"तरीच! पनीर बघ कसं ऐटीत बसलंय!"

*

गावाकडच्या बापूला व्हिडिओ कॉलवर दोन्ही दाखवली. "पोरानं घेतली. अस्सल सोनं!"

बापूने मोबाइल नाकाजवळ नेला.

"सोनं असंल. पण मेणबत्त्या कशापायी? लाइटबिल भरत न्हाय का रं तुझं पोरगं?"

*

दिवाळी आली. समई गावाला राहिलेली. बायकोने एका शमादानात तेल ओतलं, ते नक्षीवरून थेट खाली ओघळलं.

"अहो, दोनशे वर्षांत एकालाही वातीसाठी जागा ठेवायचं सुचलं नाही?" असं म्हणत तिने ते चिंच-मीठ लावून घासणीने खसाखसा घासलं. सोनं सिंकमध्ये, तांबूस धातू हातात!

नीलेश रडकुंडीला आला. घराचा करार वाढवायच्या आधी नोराबाई त्याच दुपारी पाहणीला येणार होत्या.

"रडतोस काय?" म्हटलं. हळद तेलात कालवली आणि शमादानाला चोपडली. लांबून बावनकशी!

*

बाहेरच्यांना घरात यायला बंदी, म्हणून नोराबाई मास्क लावून खिडकीबाहेर उभ्या राहिल्या. सगळं घर सोडून नजर फायरप्लेसवर. इकडे कुणाबद्दलही बोलताना 'युअर मॅन' म्हणतात.

"त्या युअर मॅनला काय झालंय? कावीळ?"

नीलेश डॉक्टर असून माझ्याकडे बघायला लागला.

"सांग त्यांना," मी म्हटलं, "दिवाळीनंतर आमच्याकडे तुळशीचं लग्न असतं. त्याच मांडवात या दोघांचं उरकतोय. नवरीला हळद लागलीय."

नीलेशने डोळे मिटून भाषांतर केलं.

नोराबाईंनी एकदा इकडच्याकडे पाहिलं, एकदा तिकडच्याकडे. मग मास्क हनुवटीखाली ओढला.

"तुझ्या बाबांना विचार, ही दोघं एका साच्यातली सख्खी भावंडं आहेत. तुमच्यात चालतं?"