झाडणारे आजोबा

२००५ साली इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या ऑफिसने मला पंधरा दिवसांसाठी ओसाकाला धाडलं. राहायची सोय शहराच्या पार टोकाला, एका निवांत वस्तीत होती. सकाळी तिथे एकच आवाज यायचा, शेजारच्या आजोबांच्या झाडूचा. पान एखादंच पडलेलं असायचं, तरी ते सगळं अंगण झाडायचे. मी दिसलो की झाडू काखेत धरून कमरेत वाकायचे. मीही वाकायचो, पण मध्ये पोट येत असल्यामुळे मी काहीतरी पडलेलं शोधतोय असंच वाटत असावं.

निघायच्या दिवशी मी ऐटीत म्हणालो, "सायोनारा!"

त्यांचा चेहराच उतरला. "नो, नो. सायोनारा, फिनिश. से, इत्तेकिमास. गो, अँड कम बॅक."

माझ्याकडून त्यांनी ते दोनदा म्हणवून घेतलं. मग आपल्या बंद दाराकडे बोट दाखवून हळूच म्हणाले, "वाइफ, हॉस्पिटल. शी ऑल्सो से." आणि पुन्हा झाडायला लागले, दारापासून फाटकापर्यंत.

'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे आमच्या घरातही शिकवलेलं. पण इंग्लंडातल्या नऊ वर्षांत मी सगळ्यांना नुसतं 'बाय' म्हणत आलो होतो.

बेसिंगस्टोकला परतल्यावर पुण्याला आईला फोन केला. ठेवताना तोंडावर आलेलं 'बाय' गिळलं आणि म्हणालो, "येतो गं."

आईने विचारलं, "कधी?"